मोठ्याने सांगितलेला मंत्र

बांद्याच्या शाळेतून घरी निघाले होते आणि इन्सुलीच्या चेकनाक्यापाशी एसटी ट्रकांच्या रांगेत अडकली होती. फोन वाजला. वासुबुवांच्या शालनकाकू. "बाये, ह्ये गेले..." एवढंच बोलल्या आणि कुणीतरी त्यांच्या हातातून फोन घेतला. रविवारी येते असं मी बुवांना कळवलं होतं. तो दिवस शुक्रवार होता. खिडकीबाहेर एक शिपाई ट्रकवाल्याचे कागद तपासत होता, आणि ते कागद त्याने किती वेळा उलटे-सुलटे केले तेच मी मोजत बसले होते. रडू घरी पोचल्यावर आलं.

वासुबुवा आरोंद्याचे, आमच्याच गावचे. त्यांच्या घराण्यात पिढीजात मठ. मठाची गादी थोरल्या भावाकडे, अण्णांकडे. बुवा शेती बघायचे आणि उत्सवाला भजनात पेटी वाजवायचे. मठाचा एक मंत्र होता. हातात तुळस देऊन शपथ घ्यायची, मग तो कानात सांगायचा, तोही ठरलेल्या घरांतल्या पुरुषांनाच. आमच्यासारखी खाडीवर मासे मारणारी घरं उत्सवाला पायरीखाली उभी राहत, प्रसाद घेत आणि परत जात. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

मी बारावीत असताना आईला पोटाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा तिने वडिलांपाशी एकच गोष्ट मागितली... मठाचा उपदेश, म्हणजे तो मंत्र. वडील गेले आणि मान खाली घालून परत आले. "नेम आसत," अण्णा म्हणाले होते, "तुमच्या घरात हो दिवक येणा नाय." बुवांनी ते आतून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे. घरात आईला बघायला आलेल्या सात-आठ शेजारणी. मंत्राचं कळताच त्या आपणहून उठायला लागल्या. बुवा म्हणाले, "बसा गो. खंय जातास?" आणि आईच्या अंथरुणाजवळ मांडी घालून त्यांनी तो मंत्र खणखणीत आवाजात तीनदा म्हटला. देवाचं साधं नाव, त्याच्या मागेपुढे दोन अक्षरं.

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "इतकोच?"

"इतकोच गो," बुवा म्हणाले. "लपवन ठेवलो म्हणान मोठो दिसा होतो."

आई हसली. महिनाभरात पहिल्यांदा. पुढचे अकरा दिवस ती तेच नाव घेत होती, शेवटी शेवटी नुसत्या ओठांनी.

गोष्ट मठात पोचायला वेळ लागला नाही. अण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं, "शपथ मोडलंस? ह्येचा फळ भोगूचा लागतला." बुवा म्हणाले, "भोगीन. पण ती मरा होती, अण्णा." त्या दिवसापासून बुवांना गाभारा बंद झाला. मग दर गुरुवारी संध्याकाळी ते आपल्याच पडवीत चटई घालून बसू लागले. काजूच्या कारखान्यातून सुटलेल्या बाया येत, खाडीवरचे येत, कुणीही येई. बुवा मंत्र सांगत, अर्थ सांगत, कुणी विचारलं तर पुन्हा सांगत. मला पुढे शिक्षिका व्हावंसं वाटलं ते त्या पडवीत बसून.

दोन वर्षांनी त्यांचा एकुलता एक मुलगा मंगेश गेला. गोव्यात नोकरीला लागलेला, भातलावणीसाठी चार दिवस घरी आलेला. ताप आला, तो शेतातल्या साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोचा निघाला, आणि पाचव्या दिवशी दुपारी सगळं संपलं. गाव काय बोललं ते लिहायची गरज नाही. शालनकाकूही तेच बोलल्या, भरल्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत. "तुमी तोंड उघडलास, म्हणान माझो झील गेलो."

बुवांनी चटई गुंडाळून माळ्यावर टाकली. मी सुटीत भेटायला गेले तर अंगणाकडे पाठ करून बसलेले. म्हणाले, "तू शिकलेला चेडू. सांग माका, माझ्यामुळा गेलो काय तो?" मी घाईघाईने नाही म्हटलं. तापाचं, पाण्याचं, काय काय सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुझा बरोबर आसा," म्हणाले, "पण माका झोप येणा नाय." सात महिने ती पडवी मुकी होती.

पुढचं मला काकूंनी स्वतः सांगितलं. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता त्यांनी विचारलं, "तुमी सगळ्या गावाक दिलास. माका कधी दिलास?" बुवा चपापले. इतके गुरुवार काकू आत सगळ्यांचा चहा करत होत्या. बायकोला सांगायचं राहिलंय हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ऐकू तर सहज गेलं असतं. पण शपथेच्या धाकाने काकू नेमक्या त्या वेळी मिक्सर लावायच्या. "ज्येका भिऊन कान बंद केलंय, ता माका आता आयकूचा आसा," त्या म्हणाल्या. "झील तर गेलोच. आता देव माझा काय न्हेतलो?"

बुवा सांगायला लागले आणि पहिल्याच अक्षराला अडखळले. तीनदा सुरुवात करावी लागली, म्हणे. त्या गुरुवारी चटई माळ्यावरून खाली आली, आणि पहिल्या रांगेत काकू बसल्या. त्यांनी खळ्यातले ते शब्द कधी मागे घेतले का, मला माहीत नाही. बुवांनीही कधी विचारलं नसावं. पण त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं एकही गुरुवार चुकला नाही.

बुवांच्या तेराव्यानंतरच्या गुरुवारी आम्ही सगळ्या पडवीत जमलो होतो. अण्णा आले. ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खळ्यातच थांबून त्यांनी विचारलं, "शालन, वासू शेवटाक काय म्हणालो?"

"पाणी मागल्यानी," काकू म्हणाल्या.

"आणि मंत्र?"

"त्येंका दम नाय होतो. मी म्हटलंय. इतक्या मोठ्यान, की शेजारची धावत इली."

अण्णा चपला काढून वर आले आणि आमच्यात, बायांच्या मागे, भिंतीला टेकून बसले. त्यांचे ओठ हलले की नाही, मी मुद्दाम पाहिलं नाही.

परवा गेले तेव्हा पडवीला रंग लागत होता. पावसाने भिंतींना बुरशी धरली होती. बुवा जिथे बसायचे तिथे, त्यांच्या डोक्याच्या उंचीवर, खोबरेलाचा गोल डाग आहे. काकूंनी तेवढी जागा सोडायला सांगितली होती. रंगारी बिचारा ब्रश घेऊन घुटमळत होता. "काकू, नव्या रंगात हो डाग उठान दिसतलो."

"दिसांदे," काकू म्हणाल्या.