चाळीस काचांची यादी

सकाळचे पावणेआठ. गॅसवर दूध, इस्त्रीखाली शर्ट, आणि मोज्यांच्या जोडीतला एकच मोजा सापडल्यामुळे नवरा माझ्यावर रागावलेला. माझी नणंद, जिला घरात सगळे धाकटी म्हणतात, बाथरूममध्ये केस धूत होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली. आमच्याकडे बेल आहे, चांगली वाजते. बेल सोडून टकटक करतो तो शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आलेला असतो.

दारात धाकटीचे सर उभे होते, हातात फुलांचा गुच्छ. अकरा वर्षं ती यांच्या प्रयोगशाळेत काम करते आहे आणि अकरा वर्षांत हे आमचा जिना चढले नव्हते. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

“वहिनी ना तुम्ही? माझं काम तुमच्याकडेच आहे,” ते हळूच म्हणाले. “तिला उठवू नका.”

“ती सहालाच उठते,” मी म्हटलं. त्यांना बसवलं, गॅस बंद केला आणि बाथरूमच्या दारापाशी जाऊन चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं, “धाकटे, तुझे सर आलेत गं!”

आतलं पाणी थांबलं. पण ती लगेच बाहेर आली नाही. घाई तिच्या स्वभावातच नाही, आणि राग आला असेल तर मुळीच नाही. लहानपणी माझ्या नवऱ्याने तिची कंपासपेटी फोडली होती. ती रडली नाही, आईकडे गेली नाही. आठ महिन्यांनी, शाळेच्या सामन्याच्या सकाळी, त्याच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या आतून शिवलेल्या निघाल्या. टाके इतके बारीक की उसवेपर्यंत नाणेफेक होऊन गेली. नवरा अजून हे हसत सांगतो, पण तिच्या वस्तूला हात लावत नाही.

तिचं काम मला जेवढं कळलं तेवढं सांगते. उंदराला रोज दोन तास अरुंद नळीत ठेवायचं, सलग एकवीस दिवस. नळी टोचत नाही, दुखवत नाही, पण वळता येत नाही. त्या ताणाने मेंदूत सूज येते. मेंदूत झाडलोट करणाऱ्या काही बारीक पेशी असतात. ताण हटला नाही की त्या फुगतात आणि कचरा सोडून चांगल्या शेजाऱ्यांवरच उठतात. मेंदूचा पातळ काप काचेवर घ्यायचा, रंगवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली अशा फुगलेल्या पेशी एकेक करून मोजायच्या. धाकटीची मान त्यातच वाकडी झाली आहे.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई दवाखान्यात होत्या. धाकटीने तीन दिवसांची रजा मागितली. सर म्हणाले, एकवीसातला अठरावा दिवस आहे, खंड पडला तर सगळं वाया. दुसऱ्या माणसाच्या हाताला उंदीर बुजतात, हे खरंच आहे. पण दुसरा माणूस पहिल्या दिवसापासून तयार करता आला असता, हेही तेवढंच खरं. आई गेली तेव्हा तिच्या हातात उंदीर होता. सासूबाईंनी तीनदा विचारलं, धाकटी आली का? मी तीनदा ‘निघाली आहे’ म्हटलं. हे खोटं माझ्या घशात अजून अडकलेलं आहे, आणि ते मी सरांच्या नावावर टाकते.

त्या प्रयोगावर मोठा लेख छापून आला. वर नाव सरांचं. धाकटीचं नाव शेवटी, बारीक अक्षरात, ‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार’ या ओळीत. ती वाचून तिने पान घडी घालून कपाटात ठेवलं. मी म्हटलं, “भांड ना जाऊन!” ती म्हणाली, “भांडण एका दुपारी संपतं, वहिनी.”

नंतर नवा प्रयोग सुरू झाला. चाळीस उंदीर, सगळे नळीतले; त्यांपैकी वीस जणांना औषध, वीस जणांना साधं पाणी. औषधाने सूज उतरते का, एवढाच प्रश्न. पण कुठली काच औषधवाल्याची हे मोजणाऱ्याला ठाऊक असेल तर नकळत हात सैल सुटतो. म्हणून बाहेरच्या माणसाने काचांवरचे क्रमांक बदलायचे आणि कुठला क्रमांक कुठल्या उंदराचा याची यादी बंद पाकिटात ठेवायची. मोजणी संपल्यावर सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं. धाकटीने बाहेरचं माणूस म्हणून मला नेलं. एका रविवारी मी जुन्या चिठ्ठ्या सोलल्या, नव्या डकवल्या, यादी लिहिली, पाकिटाच्या जोडावर सही केली आणि पाकीट आमच्या कपाटात रजयांखाली ठेवलं. त्यात काय आहे ते धाकटीलाही माहीत नाही. तिने एकदाही विचारलं नाही.

मोजणीची वही ती रोज कुलपात ठेवायची. सरांच्या परिषदेआधीचा एक आठवडा मात्र ती टेबलावर राहिली. सरांनी ती पाहिली. आकडे कमी ते औषधाचे, जास्त ते पाण्याचे, अशी त्यांनी सोयीची वाटणी केली आणि परिषदेत सूज निम्म्याने उतरते म्हणून जाहीर करून मोकळे झाले. पाकीट अजून बंद आहे याची त्यांना फिकीर नव्हती. ते तिच्या खणात असेल, केव्हाही काढू, असं त्यांनी धरलं होतं. श्रोत्यांपैकी कोणीतरी विचारलं, यादी उघडली कधी? तिथून तक्रार झाली, समिती बसली.

“वही चुकून राहिली ना गं?” मी विचारलं होतं.

“राहिली नाही. ठेवली.” ती म्हणाली, “त्यातला एकही आकडा खोटा नाही. मी फक्त कुलूप लावलं नाही.”

मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.

आता सर आमच्या सोफ्यावर टेकले होते. “उद्या समितीसमोर पाकीट न्यायचंय. पाकीट कोणाकडे ठेवलंय त्या प्रयोगाच्या कागदावर तुमचं नाव आहे, म्हणून आलो. एक यादी परत लिहायची, बस. मी क्रमांक सांगतो, अक्षर तुमचं, सही तुमची. दहा मिनिटांचं काम.”

“आणि जुनी?”

“जुनी कशाला हवी?”

नवरा एका मोज्यावर उभा होता. “सर, चहा घेणार?” तो म्हणाला.

“तुमच्या नणंदेचंच भलं आहे,” सर मला म्हणाले. “या लेखात पहिलं नाव तिचं. पुढच्या वर्षी स्वतःची खोली, हाताखाली दोन माणसं. आणि प्रयोग बंद पडला तर माझ्याबरोबर तीही रस्त्यावर. विचार करा.”

“पहिलं नाव?” डोक्याला टॉवेल गुंडाळून धाकटी दारात उभी होती. “एवढी मोठी बढती? मी तर आभारातच खूश होते, सर.”

सर उठले. “तू ऐकत होतीस?”

“भिंती पातळ आहेत. आणि तुम्हाला हळू बोलायची सवय नाही.”

नवरा मध्ये पडला. “धाकटे, ऐक जरा. अकरा वर्षं घातलीस यात. उंदरांची सूज मोजता मोजता तुझ्याच डोक्याला सूज आलीय. घे ना ती खोली!”

“दादा, मोजा शोध.”

सरांचा आवाज बदलला. “हे बघ, औषध कदाचित खरंच लागू पडलं असेल. माझी वाटणी बरोबरही निघेल.”

“निघेलही. मग घाबरता कशाला?”

सरांनी खिशातला रुमाल काढला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि धाकटी तो सूक्ष्मदर्शकातून पाहावं तशी निवांत पाहत होती. मी आत गेले, रजया उचलल्या, पाकीट आणून तिच्या हातात दिलं. तिने जोडावरची माझी सही खिडकीशी धरून तपासली. सरांचा हात नकळत पुढे आला आणि मागे गेला.

“आई गेल्याचं तुम्ही कधी विचारलंत?” तिने विचारलं.

“मी... तेव्हा परदेशी दौरा होता...”

“असू दे. सहज विचारलं.”

“तुला हवंय तरी काय?” सर जवळजवळ ओरडले. “नोकरी? माफी? सांग तरी!”

धाकटीने टॉवेल सोडला, ओले केस पाठीवर टाकले आणि रोज सकाळी प्रयोगशाळेत बोलत असेल तशा नम्र आवाजात म्हणाली, “एक छोटी विनंती आहे, सर. उद्या समितीसमोर हे पाकीट तुम्ही तुमच्या हाताने फोडा, आणि चाळीसच्या चाळीस क्रमांक उभं राहून मोठ्यानं वाचा.”