शिंक्यावरची साय

गेल्या महिन्यात एका सकाळी मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. माझी सून कुंदा मागच्या दारातून आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "आई, चोट्टी गेली." मी विचारलं, "कुठं गेली?" कारण आमच्या मांजरीचं जाणं म्हणजे फार तर रस्त्यापलीकडच्या करीमभाईच्या गॅरेजपर्यंत. कुंदा म्हणाली, "गेली म्हणजे... गेली. तुराट्यांच्या गंजीपाशी पडून आहे." मिरचीचा हात मी तसाच डोळ्यांना लावला. त्या सकाळी मी किती रडले आणि मिरचीनं मला किती रडवलं, हे आता मलाही सांगता येणार नाही. पण शेजारपाजारच्या बाया आल्या, माझे लाल डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "बाईचा केवढा जीव होता मांजरीवर!" तेव्हा मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. का, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

छप्पन साली वेचणीच्या दिवसांत शेतातून कापसाची बैलबंडी आली, तिच्यात हे पिल्लू निघालं. कापसात झोपलेलं, कापसासारखंच पांढरं, फक्त एक कान काळा. त्याच सुमारास आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, पुढं महाराष्ट्रात आला. म्हणजे पांढरकवड्यातून न हलता आम्ही राज्यं बदलली, पण ह्या बयेनं घर काही बदललं नाही. एकदाच बदलावं लागलं, ते माझ्यामुळं.

आमच्या घरी तेव्हा सासूबाईंचं राज्य. मी त्यांना आत्याबाई म्हणे. तापवलेल्या दुधाची साय त्या पितळेच्या गंजात साठवीत आणि तो गंज चुलीच्या वर, आढ्याला टांगलेल्या शिंक्यात ठेवीत. त्या सायीचं तूप व्हायचं. सुनेनं साय चाखायची नाही, असा त्यांचा दंडक. मी तेव्हा अडतीस वर्षांची, तीन लेकरांची आई. मुलगी शोभत नव्हते आणि बाई म्हणावं असं वागत नव्हते. दुपारी आत्याबाईंचा डोळा लागला की ही घोडी लाकडी स्टुलावर चढायची, गंजात दोन बोटं घालायची, डोळे मिटून साय खायची आणि पहिलं काम म्हणजे पदरानं ओठ पुसायची. खाली पिल्लू मान वर करून बसलेलं असायचं. त्याच्यापुढं एक बोट करायचं. त्यानं ते खरखरीत जिभेनं चाटायचं. ती त्याची लाच.

एकदा आत्याबाई लवकर उठल्या. गंज पाहिला आणि कडाडल्या, "साय कोनं खाल्ली वं?" मी स्टुलावरून नुकतीच उतरले होते. पिल्लाच्या मिशीला पांढरं लागलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मांजरीनं." आमच्याकडे चोराला चोट्टा म्हणतात. त्या दिवसापासून तिचं नाव चोट्टी पडलं. दुसरं नाव तिला कधी मिळालंच नाही.

आता वाटतं, त्या एका शब्दानं मला केवढी मोकळीक दिली! साय रोज कमी होऊ लागली आणि आत्याबाई रोज मांजरीच्या नावानं शिमगा करू लागल्या. शेवटी त्यांनी ठरवलं, तिला नदीपार सोडायची. मांजरीला मारणं म्हणजे महापाप, सोन्याची मांजर करून काशीला वाहिली तरी फिटत नाही, असं त्या मानत. पण नदी ओलांडली की मांजरीला घराची वाट सापडत नाही आणि पापही लागत नाही. सरकीचं रिकामं पोतं आलं. तिला धरायला कोण? ती माझ्याशिवाय कोणाच्या हाताला लागत नसे. मी "चो, चो" केलं आणि ती आपणहून आली. मी बोट पुढं केलं, ती चाटायला वाकली, आणि मी तिला पोत्यात कोंबलं... हे लिहितानाही माझं ते बोट आखडतंय. पोतं करीमभाईकडे गेलं, त्यांनी ते नदीपलीकडे आदिलाबादला निघालेल्या एका ट्रकवाल्याच्या हवाली केलं.

एका शब्दात थांबवता आलं असतं. "मी खाल्ली" एवढंच म्हणायचं होतं. अडतीस वर्षांच्या बाईला फार तर चार शिव्या बसल्या असत्या. पण मी दारात उभी राहून ट्रकची धूळ पाहत राहिले.

पोतं गेलं आणि आत्याबाईंचं मन त्यांना खाऊ लागलं. ट्रकखाली आली असंन तर? कुत्र्यानं फाडली असंन तर? तिसऱ्या दिवशी त्यांनी देवापुढं पाणी सोडलं. "थे जिती वापस येईपर्यंत मी दुधाले शिवत नाही." चहावर जीव टाकणारी ती बाई, कोरा चहा तोंड वाकडं करून पिऊ लागली. आणि मी? मीही साय सोडली. पश्चात्तापानं नाही हो! आता नाव घ्यायला मांजर नव्हती म्हणून. गंज काठोकाठ भरू लागला. आत्याबाई म्हणाल्या, "पाह्यलं? चोट्टी गेली आन् साय राह्यली." मी मान डोलावली.

महिना होत आला तेव्हा ती परतली. ट्रकवाल्यानं पाटणबोरीला, नदीच्या अलीकडेच, तिचं ओरडणं ऐकवेना म्हणून पोतं सोडलं होतं, हे करीमभाईंकडून मागाहून कळलं. हाडांचा सापळा झालेला आणि मागचा एक पाय कायमचा लुळा. तिला पाहून मी ढसाढसा रडले. त्या रडण्यात थोडी दया होती, पण थोडा आनंद होता सायीचा. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आत्याबाईंनी सायीचा अख्खा गंज तिच्यापुढं ठेवला. "खाय माय, पोटभर खाय." तिनं खाल्ली आणि दोन दिवस ओकत राहिली. बोटभर साय चाटणाऱ्या जिवाला गंजभर साय कशी पचणार? तरी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मी चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी पुन्हा स्टूल. आता आत्याबाई रागावत नसत. "असू दे, तिच्या जिवाले लागलंय," म्हणत. जिला धान्याच्या कोठीवर चढता येत नव्हतं, ती लंगडी आढ्याच्या शिंक्यापर्यंत उडी मारते, असं अख्खं घर मानत होतं! एकट्या करीमभाईंनी एकदा ओसरीवर चहा पिताना वर शिंक्याकडे पाहिलं, खाली मांजरीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "वहिनी, कमाल की लंगडी हाय तुमची." मी पदर ओठांवर ओढला. त्या भल्या माणसानं पुन्हा विषय काढला नाही.

आत्याबाई गेल्या. घराची मालकीण मी झाले. वाटी पुढ्यात घेऊन बसले असते तरी कोण विचारणार होतं? पण समोर बसून खाल्लेल्या सायीला ती चव नाही. स्टूल सुटलं नाही, तिचं बोट चाटणं सुटलं नाही, आणि कुंदा घरात आली ती तिला चोट्टी म्हणूनच ओळखू लागली.

बोरीखाली तिला पुरलं त्या संध्याकाळी कुंदा म्हणाली, "आई, आता शिंकं काढू का? आता कोनाची भीती?" मग माझ्यानं राहवलं नाही. सगळे जेवायला बसले होते, सगळ्यांपुढं मी सांगून टाकलं. साय मी खाल्ली. पहिल्या दिवसापासून मीच. घास हातात धरून सगळे माझ्याकडे पाहत राहिले. मग कुंदानं डोळे पुसले. "आई, मेलेल्या जिवासाठी कितीक खोटं बोलसान?" मी म्हटलं, "स्टूल आण, चढून दाखवते." आमचे हे म्हणाले, "हाडं मोडशीन. गुपचूप जेव." आणि मुलाला हळूच म्हणाले, "लय जीव होता तिचा."

बारा वर्षं खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी मानलं. एकदा खरं बोलले, तर माया ठरली!

पुढचे तीन आठवडे मला सायीकडे पाहवेना. गंज भरत गेला. काल कुंदा तो खाली काढून शेजारणीला दाखवत होती. "पाहा, चोट्टी होती तोवर कधी एवढी साय जमली नाही." म्हणजे माझं दुःखसुद्धा तिच्याविरुद्धच साक्ष देत होतं.

म्हणून आज दुपारी, सगळे पडले असताना, मी स्टूल ओढलं. गुडघे कुरकुरले. गंजात चांगली चार बोटं घातली, खुणा दिसतील अशी. खाल्ली. सवयीनं एक बोट खाली केलं... आणि तसंच धरून राहिले. ते सुकलं.

आता ओसरीवर बसून हे लिहिते आहे. आत कुंदा उठल्याचा आवाज आला, भांडं वाजलं. "आई, साय कोनं खाल्ली?" ती बाहेर येते आहे. मी ओठ पुसलेले नाहीत.