काचेचे कपडे

लहान विमानाच्या पंखाचं टोक फुटलं, की ते आमच्या पिरंगुटच्या शेडमध्ये येतं. मी तिथं घासायला असतो. शाळा चौथीपर्यंत, पण काचेचं कापड मला कळतं. ते खऱ्या काचेच्या धाग्यांचं असतं. लोकांना वाटतं, भोकावर ठिगळ मारलं की झालं. भोक दोन बोटांचं असलं, तरी भोवतीचा वीतभर चांगला भाग घासून उतरता करावा लागतो. मग त्यावर रेझिनमध्ये, म्हणजे वाळून टणक होणाऱ्या चिकात, भिजवलेल्या कापडाचे थर. धाग्याची दिशा चुकली की सगळं उखडा. चांगला भाग घासताना नव्या माणसाचा जीव खालीवर होतो. माझा नाही होत.

घासताना काच उडते. डोळ्यांना दिसत नाही, पण अंगभर खाज सुटते. म्हणून बायको मला रोज दारातच अडवायची.

"थांबा तितंच! आदी कापडं काढा."

"अगं, शेजारीण बघतीया."

"बघू द्या. तिला कुटं खाज सुटणार हाय?"

माझे कपडे ती वेगळ्या बादलीत, काठीनं ढवळून धुवायची. इतकी वर्षं. मला ते नखरे वाटायचे.

ती गेली आणि दारात अडवणारं कोणी उरलं नाही. तिनं शेवटची नेसलेली साडी मी धुतली नव्हती. वासासाठी खाटेवर घडी करून ठेवली होती. सांगायला लाज कसली? एका दुपारी लवकर सुटलो, दमलो होतो, तसाच आत आलो आणि साडीवर डोकं टेकून पडलो. उठलो तर मान आणि गाल चरचरत होते. साडीत काच गेली होती.

संध्याकाळी लेक आली. माझी मान बघून तिनं ओळखलं.

"आबा, द्या हिकडं. धुते."

"न्हाई. वास जाईल."

"मग खाजवत बसणार व्हय?"

"बसंन."

तिनं तोंड फिरवलं. तिचीही आईच ती.

शेडमध्ये हाताला काच लागली की आम्ही चिकटपट्टी दाबून ओढतो. दुसऱ्या दिवशी उन्हात दारात बसून साडीला तेच केलं. पट्टी दाबायची, उचलायची. पट्टीवर बारीक चमक यायची. पदरापाशी आलो, तर पट्टीवर काचेबरोबर एक लांब केस आला. मुळाशी पांढरा, पुढं मेंदीचा लाल.

हात थांबला. काच पुरती काढायची तर तिचं उरलंसुरलंही निघणार. शेडमध्ये वीतभर चांगला भाग घासून टाकतो मी. घरी पदराला ते जमलं नाही.

ती पट्टी घडीतच ठेवलीय. पदराकडं साडीनं अजून खाज सुटते. आता कामावरून आलो, की मी आधी दारातच कपडे काढतो. शेजारीण बघते. बघू दे.