स्पॅनिश नटीच्या काळ्या बाह्या

मुलीने प्रोजेक्टसाठी मार्कर उघडला आणि त्या वासासरशी आमचं रियाधमधलं पहिलं वर्ष आठवलं. मासिकात एका स्पॅनिश नटीची मुलाखत होती. जत्रेत नाचणारी पोर सिनेमात कशी आली त्याची गोष्ट. फोटोत लाल झगा, लांब काळ्या बाह्या. "तिकडची फॅशन," मी बायकोला जाणकारासारखं सांगितलं. पहिल्याच दिवाळी पार्टीत छाप पडावी म्हणून तिने लाल ब्लाउजला तशाच बाह्या शिवल्या.

पार्टीत मासिकाचं ऐकून शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, फोटोतले उघडे हात इथे सेन्सॉरवाले मार्करने रंगवतात."

परवा इथे रियाधमध्येच, आता कुठे सुरू झालेल्या थिएटरात ती नटी आजीच्या भूमिकेत दिसली. मधल्या वर्षांत काय काय केलं असेल तिने? अंगात लांब काळ्या बाह्यांचा झगा होता.

बायको कुजबुजली, "बघा, हिनेही शेवटी तुमचंच ऐकलं."