लाल पट्टी आणि खालची सही

एकोणीस वर्षांच्या नोकरीत शाळेने मावशींच्या हातात पेन सोडून सगळं दिलं होतं. झाडू दिला, बादली दिली, फिनेलचा डबा दिला. मागच्या वर्षी तर रबरी हातमोजेही दिले, दोन्ही डाव्या हाताचे. मावशी सातवी पास होत्या आणि त्यांचं अक्षर शाळेतल्या निम्म्या शिक्षकांपेक्षा चांगलं होतं, पण स्वच्छतागृह धुवायला अक्षर लागत नाही, म्हणून ते कुणी विचारलं नाही.

ते विचारायची वेळ मुख्याध्यापकांमुळे आली. पोरं त्यांना पाठीमागे ‘वेळापत्रक’ म्हणत. एकदा दुपारच्या तासाला ते घड्याळ घेऊन व्हरांड्यात उभे राहिले आणि त्यांना शोध लागला की मुलं तास चालू असताना लघवीला जातात. या शोधाने ते इतके हादरले की दुसऱ्याच दिवशी शिक्षकांची सभा बसली आणि दोन तास चालली. सभेच्या मधे शिक्षक पाच वेळा ‘जरा आलोच’ म्हणून बाहेर जाऊन आले, त्याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही.

ठरलं ते असं. स्वच्छतागृहाला कुलूप. प्रत्येक वर्गाला एक लाल रंगाची लाकडी पट्टी, ती शिक्षकांच्या ताब्यात. शिक्षकांना पटलं तर ते पट्टी देणार, पट्टी दाखवली तर कुलूप उघडणार, आणि आत तीन मिनिटं. मुलांच्या बाजूची किल्ली शिपायाकडे दिली. तो जुना माणूस. त्याने पहिल्याच आठवड्यात कुलूप उघडं असताना किल्ली हरवली, चार शिव्या खाल्ल्या आणि कायमचा मोकळा झाला. मुलींच्या बाजूची किल्ली मावशींकडे आली, सोबत एक स्टूल, एक पेन आणि रेघा मारलेली वही. नाव, इयत्ता, गेल्याची वेळ, आल्याची वेळ आणि शेवटी कारण.

कारणात काय लिहायचं, असं मावशींनी विचारलं. त्यांना एकदोनच कारणं माहीत होती.

“जे घडेल ते लिहायचं मावशी. खरं लिहायचं,” वेळापत्रक म्हणाले. “रोज संध्याकाळी मी स्वतः सही करीन.”

मग आवाज जरा खाली आणून त्यांनी आठवण करून दिली की मावशींच्या नेमणुकीचा कागद दर वर्षी नव्याने निघतो आणि यंदाचा अजून त्यांच्याच टेबलावर आहे. एक जरी मुलगी पट्टीशिवाय आत गेलेली दिसली, तर तो तिथेच राहील. मावशींचा नवरा कंबर धरून घरी बसलेला, लेकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. त्यांनी मान डोलावली आणि स्टूल दाराला लावलं.

योजना फारच यशस्वी झाली. महिन्याभरात मुलींचं जाणं निम्म्यावर आलं. वेळापत्रकांनी त्याचा तक्ता काढून ऑफिसात लावला. शिस्तीने काय होत नाही, असं ते येईल त्याला सांगत. नळावरची गर्दीही निम्मी झाली होती आणि पाण्याच्या बाटल्या भरलेल्या येऊन भरलेल्याच घरी जात होत्या, पण त्याचा तक्ता काढायला कुणी सांगितलं नव्हतं. मावशींना ते दिसत होतं. त्या वहीत वेळा लिहीत राहिल्या.

बारा तारखेला सातवीतली चष्मेवाली मुलगी आली. पट्टी नव्हती. गणिताच्या सरांनी उदाहरण पूर्ण कर म्हणून सांगितलं होतं. मावशींनी तिला परत पाठवली. दहा मिनिटांनी ती पुन्हा आली, पुन्हा रिकाम्या हाताने, आणि नुसती भिंतीला टेकून उभी राहिली. मावशींच्या मुठीत किल्ली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर तो टेबलावरचा कागद आला. एकदा सरांना विचारून ये गं बाई, असं त्या म्हणत होत्या, तेवढ्यात पोरीच्या पायमोज्यांवरून पाणी खाली आलं आणि तिने चष्मा काढून डोळे हाताने झाकले.

मावशींनी मग दार उघडलं. आता उघडून काही फायदा नव्हता. आपली साडीची पिशवी रिकामी करून त्यांनी तिला तीत ओले कपडे भरून दिले, खेळाच्या खोलीतली चड्डी आणून दिली आणि मागच्या फाटकाने घरी सोडलं. स्वतःची एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. स्टुलावर बसून त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं: ‘पट्टी नाही. दोनदा आली. किल्ली माझ्या हातात होती, मी उघडलं नाही. मुलगी जागेवरच ओली झाली.’

संध्याकाळी वेळापत्रकांनी फोनवर बोलत बोलत खाली सही ठोकली.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही आली नाही. तेव्हापासून मावशी येईल तिला दार उघडू लागल्या आणि प्रत्येकीपुढे तितक्याच सुबकपणे लिहू लागल्या, ‘पट्टी नाही. दार उघडलं.’ खरं लिहायचं ठरलं होतं. लेक म्हणाली, “आई, उघडतेस ते उघड, पण लिहितेस कशाला?” मावशींना खोटं लिहिता येत नव्हतं असं नाही. आता ते लिहावंसं वाटत नव्हतं. रोज संध्याकाळी वही ऑफिसात जाताना त्यांचा जीव टांगणीला लागायचा आणि रोज ती सही घेऊन परत यायची.

महिनाअखेरीस तपासणीला अधिकारी बाई आल्या. वेळापत्रकांनी तक्ता दाखवला आणि पुरावा म्हणून मोठ्या दिमाखात वही मागवली. बाईंना एक वाईट खोड होती. त्या वाचत.

चारपाच पानं त्यांनी शांतपणे उलटली आणि मग मोठ्याने वाचलं, “पट्टी नाही, दार उघडलं. पट्टी नाही, दार उघडलं. हे काय आहे?”

वेळापत्रकांचा चेहरा उतरला. मावशींनी हे परस्पर केलं, आपल्याला काडीचीही कल्पना नाही, असं म्हणून ते हात झटकायला लागले. दाराशी उभ्या असलेल्या मावशींना टेबलावरचा तो कागद दिसत होता. तरी त्या बोलल्या.

“सर, खाली तुमचीच सही आहे. रोजची.”

आता वेळापत्रकांपुढे दोनच वाटा होत्या. न वाचता सही करतो म्हणायचं, नाहीतर वाचून करतो म्हणायचं. त्यांनी झटकन अब्रूची वाट धरली.

“हो, म्हणजे, ती सवलत मीच द्यायला सांगितली होती. मी रोज प्रत्येक ओळ वाचतो.”

“प्रत्येक?” बाईंनी मागे जाऊन एक पान उघडलं आणि वही त्यांच्याकडे फिरवली. “मग ही बारा तारखेची वाचून तुम्ही काय केलंत?”

वेळापत्रक ती ओळ पहिल्यांदाच वाचत होते. ते खोलीतल्या सगळ्यांना दिसलं.

कुलूप त्याच दिवशी निघालं. सोमवारच्या प्रार्थनेनंतर वेळापत्रकांनी ‘भरपूर पाणी प्या’ अशी स्वतःची नवी योजना जाहीर केली. सवलत त्यांचीच ठरल्यामुळे मावशींना काढता येईना. नेमणुकीच्या कागदावर सही झाली, या वेळी वाचून.

गुरुवारी चष्मेवाली आली. मधल्या सुट्टीत नळावर पोटभर पाणी प्यायली आणि स्वच्छतागृहाकडे चालत आली. मावशी घाईघाईने उठल्या आणि आधीच उघडं असलेलं दार आणखी उघडून उभ्या राहिल्या. एकदा तिने आपल्याकडे बघावं, असं त्यांना फार वाटत होतं.

ती खाली मान घालून आत गेली.