उशाखालच्या लाह्या

"माझी सून चोरटी हाय असंच वाटलं होतं बाई मला," तेलगावची शांतादेवी पुढं हसत हसत आल्यागेल्याला सांगायची.

गावावर हुकूम निजामाचा, पण त्या लिंगायताच्या घरात फक्त शांतादेवीचा. आंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याबिगर तिथं कुणी दाण्याला शिवायचं न्हाई. आणि नवी सून शिवगंगा तर अंथरुणातच काहीतरी कुरुमकुरुम खायची. एका सकाळी सासूनं उशी उचलली, तर खाली ज्वारीच्या लाह्यांची पुरचुंडी.

"पूजेआधी कावून खातीस गं?"

"आत्याबाई, दिवस गेलेत मला. उपाशीपोटी उठलं की घेरी येती, ओकाऱ्या थांबत न्हाईत. सुईण म्हणली, पडल्यापडल्या मूठभर कोरडं खा, मग हळूच ऊठ."

शांतादेवीला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या, पण तोंड तिनं वाकडंच ठेवलं. "दिवसभर थोडं थोडं खा, ताक पी, कोण न्हाई म्हणतंय? पण पूजेआधी नको. नेम तो नेम."

"मी कुठं खाते? पोटातलं खातंय. त्याला लिंग कधी बांधायचं आपल्यात?"

"पोटात असतानाच, आठवा महिना लागला की. रीतच हाय ती."

"मग तवर त्याला कसली पूजा, न् कसला नेम?"

 दुसऱ्या दिवशीच्या लाह्या शांतादेवीनंच फोडून सुनेच्या उशाखाली ठेवल्या.