लिंबाजीकाकांची रायफल

झरी गावात आमच्या शेजारी मनकर्णाकाकू राहतात. साठी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, आणि भीती म्हणून कशाची नाही. त्यांचे मालक लिंबाजीकाका फौजेतून निवृत्त होऊन आले, तेव्हा लष्करानं बाद केलेली एक जुनी रायफल त्यांनी परवान्यावर घेतली होती. पीक राखायला. बार काढला तो नेहमी हवेतच. डुकरं पळायची, तेवढं पुरे व्हायचं.

काकांचा एक नेम होता. दिवेलागणीला शेतातून आले की उंबऱ्याबाहेर थांबायचे, रायफलीचा बोल्ट मागं ओढायचे आणि हाक मारायचे, "बघ, रिकामी." काकू पिठाच्या हातानं बाहेर यायच्या, वाकून आत बघायच्या आणि म्हणायच्या, "हाय रिकामी. या." त्याशिवाय काकांचं पाऊल घरात पडायचं नाही. तव्यावरची भाकर करपली तरी.

कार्तिकात काका शेतातच गेले. भर दुपारी, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या बसल्या, रायफल मांडीवर ठेवून. लोकांनी त्यांना ट्रॅक्टरमधून घरी आणलं. मागून कुणीतरी रायफल आणून कोठीच्या कोपऱ्यात उभी केली.

माणूस गेला की हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. ठेवायचं तर वारसानं नवा परवाना मागायचा. मुलगा आदिनाथ परभणीला असतो. तो म्हणाला, "देऊन टाक माय, मला त्या लोखंडाची भीती वाटती." काकूंना ते पटेना. मी बी.ए. झालेली, म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

"रेणुका, दोन अर्ज लिही. एक ठेवायचा, एक द्यायचा. ठरलं की सांगते."

दोन्ही अर्ज माझ्या कपाटात पडून राहिले. ठाण्यातून दोनदा निरोप आला. काकू ऐकून घ्यायच्या आणि ज्वारी निवडायला बसायच्या.

पौषात ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली आणि रानडुकरं पडायला लागली. काकूंनी बुजगावणं केलं. काकांचा खाकी कोट, मडक्याचं डोकं, चुन्यानं काढलेले डोळे. आणि कुणाला न विचारता त्याच्या दोन्ही बाह्यांत ती रायफल सुतळीनं आवळून बांधली.

मी म्हणाले, "काकू, कुणी चोरून नेली म्हणजे?"

"कोण जातंय जवळ? मला बी दुरून बघितलं की चर्र होतंय."

खरंच होतं ते. डुकरांच्या खुरांचे ठसे धुऱ्यापर्यंत यायचे आणि तिथूनच माघारी फिरायचे. ज्वारीचं एक ताट मोडलं नाही. "आता सांग," काकू म्हणाल्या, "कामून देऊ?"

पण बुजगावणं वळायला लागलं. उभं केलं तेव्हा त्याचं तोंड ओढ्याकडे होतं, जिकडून डुकरं येतात. चार दिवसांनी बाभळीकडे झालं. आठवड्यानं रस्त्याकडे. वारा म्हणावा, तर शेजारच्या शेतातलं बुजगावणं होतं तसंच होतं. काळ्या रानाला भेगा पडल्या की खुंटा ढिला होतो, असं मी स्वतःला समजावलं. गावातल्या केशरबाईंनी मात्र पाणवठ्यावर थट्टा केली, "जिवंत व्हता तवा बायकोकडं बघायला फुरसत न्हवती. आता मान वळवून वळवून बघायलाय."

सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत.

शनिवारी आदिनाथ हुरड्याला येणार होता, आठ वर्षांच्या वैष्णवीला घेऊन. पोरगी आली की आधी धुऱ्यानं पळत सुटायची. त्या सकाळी काकू मला घेऊन शेतात निघाल्या. ऊन चांगलं वर आलेलं, तरी पाखरू बोलत नव्हतं. धुऱ्यावर वळलो आणि दोघी जागच्या जागी थांबलो. बुजगावणं पुरतं घराच्या वाटेकडे फिरलं होतं. नळी वाटेवर रोखलेली, बरोबर लेकराच्या छातीच्या उंचीला.

काकूंनी माझा दंड धरला. 

"रेणुका," त्या हळूच म्हणाल्या, "गेले त्या दिवशी त्यायनी मला दाखवलीच न्हाई गं."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आम्ही ज्वारीतून लांबचा वळसा घालून मागून गेलो. सुतळी सोडताना कोटाला रायफलीच्या तेलाचा वास येत होता, ताजा. काकूंनी नळी आभाळाकडे केली. पंचवीस वर्षं नुसतं बघितलेलं काम त्यांच्या हातांनी पहिल्यांदा केलं. बोल्ट मागं आला आणि एक जिवंत गोळी उडून मातीत पडली.

 मग काकू त्या मडक्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. उंबऱ्यात उभं राहावं तशा. रायफल पुढं केली.

"बघा. रिकामी."

परत येताना त्या एवढंच म्हणाल्या, "द्यायचा अर्ज काढ."

त्याच दुपारी आदिनाथच्या गाडीनं आम्ही ठाण्यात गेलो. रायफल दिली, गोळी दिली, सही झाली. ठेवायचा अर्ज काकूंनी चुलीत घातला. बुजगावणं शेतातच राहिलं, रिकाम्या बाह्यांचं. खुंट्याभोवती आदिनाथनं दगड ठोकून बसवले, हलायची सोय ठेवली नाही.

पाच दिवसांनी मी भाजीला हरभरा खुडायला गेले, तर ते बुजगावणं घराच्या वाटेकडे पाठ करून ओढ्याकडे तोंडानं उभं होतं. दगड जिथल्या तिथं. मी धावत येऊन काकूंना सांगितलं.

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"आता कशाला इकडं बघतील? बघितली की त्यायनी."